गुरांचा डॉक्टर आपल्याच घरातून घडवू या



या अंकात लागण, खोडवा किंवा बेणेमळा यांची माहिती न देता आम्ही गोठ्याचा विषय घेतला आहे. शेतकी विभागाने गुरांवर का लिहावे, असे कोणी विचारील. पण गटागटांतून फिरताना उसाच्या तक्रारींच्या बरोबरीने जी तक्रार आमच्या कानावर येते ती हीच : "साहेब, ऊस उभा आहे पण गाय आडवी झाली. डॉक्टर कुठे भेटतील?" लोणखेडा-शहादा भागात चार ठिकाणी फोन केले तर कोणी ना कोणी मिळते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आणि त्याही वर धडगावकडे गेले, की फोन लागला तरी माणूस पोहोचायला दिवस मावळतो. तोवर जनावर थांबत नाही.

ही अडचण कशामुळे आहे, शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्ज यांचा तिच्याशी काय संबंध आहे, आणि आपण सहकारी माणसे मिळून त्यात काय करू शकतो, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे. लेख थोडा लांब झाला आहे. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

गोठ्यावर उसाचा भार

उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, दुधाचे बिल दहा दिवसांनी येते. खुरपणीची मजुरी, किराणा, पोरांची फी हे सगळे दुधावर निघते, म्हणून तर उसाच्या पैशाला वर्षभर वाट पाहता येते. शेणखत गोठ्यातूनच मिळते. तोडणी हंगामात बैलगाडीच्या टोळ्या येतात, त्यांचा सारा धंदा दोन बैलांवर. त्यातला एक बैल पायाने अधू झाला तर त्या जोडप्याचा हंगाम बुडाला आणि मुकादमाची उचल मात्र डोक्यावर राहिली.

शिवाय हंगामात लांबलांबची जनावरे एका तळावर गोळा होतात. लाळ-खुरकूत एका बैलाला झाला की आठवड्याभरात सगळ्या तळावर आणि तिथून गावातल्या गोठ्यांत जायला वेळ लागत नाही. उसाचे वाढे फुकट मिळतात म्हणून महिना महिना तेच घातले जातात. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकते. वाढ्याबरोबर दुसरा चारा व खनिज मिश्रण दिले नाही तर दुभत्या गाईची ताकद आतून खचते, आणि व्यायल्यानंतर ती बसते ती उठत नाही. हे ओळखून शिरेतून कॅल्शियम देणारा माणूस वेळेत आला तर तीच गाय बहुतेक वेळा थोड्याच अवधीत उभी राहते.

ज्वारीच्या विषबाधेचेही तसेच. कोवळी किंवा पाण्याच्या ताणात वाढलेली ज्वारी जनावराने खाल्ली तर पोटात हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष सुटते. जनावर धापा टाकत कोसळते. सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिले तर वाचते, पण हाताशी मिनिटे असतात, तास नव्हे.

डॉक्टर कोणाला म्हणावे?

गावात इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येकाला आपण डॉक्टर म्हणतो. कायदा तसे मानत नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यकीची पदवी घेऊन परिषदेत नाव नोंदवलेल्यालाच हा व्यवसाय करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्रधारक पशुधन पर्यवेक्षकाला लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी अशा ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करता येतात. म्हणूनच सरकारी दवाखान्यांत श्रेणी १ आणि श्रेणी २ असा भेद आला : श्रेणी १ ला पदवीधर पशुधन विकास अधिकारी, श्रेणी २ ला पर्यवेक्षक.

पर्यवेक्षक मंडळींची कामगिरी आम्ही कमी लेखत नाही. पाऊसपाण्यात वाडीवस्तीवर तेच जातात. पण अडलेले वासरू काढणे, पोट फाडून शस्त्रक्रिया करणे, साथीचे निदान करणे ही कामे पदवीधराची. तो नसेल तर दवाखान्याला पाटी असते, इलाज नसतो.

तुटवडा किती आणि कशामुळे?

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात दर ५ हजार मोठ्या जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, असे सांगितले होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल सुमारे १ कोटी ३९ लाख आणि म्हशी सुमारे ५६ लाख मोजल्या गेल्या. एकूण १ कोटी ९५ लाख. याला ५ हजारांनी भागले तर नुसत्या गाई-म्हशींसाठी ३,९०० पशुवैद्यक लागतात. शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या यात धरलेल्याच नाहीत. दुसरीकडे पाहा : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२५ साली पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ पदांसाठी एकाच वेळी जाहिरात काढली. एका जाहिरातीत इतकी पदे निघतात, यावरूनच तुटवडा केवढा आहे हे समजावे.

साथ आली की हा तुटवडा उघडा पडतो. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात नवापूरला देशातला कोंबड्यांचा पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि त्या कामाला बाहेरून पथके आणावी लागली. ऑगस्ट २०२२ च्या साथीत लम्पी चर्मरोग राज्यात प्रथम दिसला तो जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात. त्या वेळी लसीकरण पुरे करायला खासगी पशुवैद्यक आणि महाविद्यालयांतले आंतरवासिता विद्यार्थीही मदतीला घ्यावे लागले. नेहमीच्या माणसांवर नेहमीचेच काम निभत नाही, तिथे साथीचे काय निभणार?

आता कारणांकडे येऊ. पहिले, अभ्यासक्रम लांब आहे : आंतरवासितेसह साडेपाच वर्षे. दुसरे, महाविद्यालये थोडी आणि दूर. मुंबईचे परळ येथील १८८६ चे, नागपूरचे १९५८ चे, परभणीचे १९७२ चे, उदगीरचे १९८७ चे आणि शिरवळचे १९८८ चे. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि ही पाचही त्याखाली आली. यातले एकही खानदेशात नाही. तिसरे, शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने, औषध कंपन्या आणि बँका पदवीधराला चांगली ओढ लावतात. चौथे कारण आम्हाला सर्वांत मोठे वाटते. मुंबई-पुण्यात वाढलेला मुलगा नेमणूक मिळाली म्हणून डोंगराळ भागात येतो, पण त्याचे मन बदलीच्या अर्जात असते. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याला पावरी कळत नाही, भिलोरी कळत नाही, अहिराणी जेमतेम कळते. जनावर बोलत नाही आणि मालकाचे बोलणे समजत नाही, मग रोगाची हकीकत कळायची कशी?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात शंभरातले ६९ लोक अनुसूचित जमातीचे आहेत. या घरांतून पशुवैद्यक निघाले तर ते इथे राहतील, आणि बोलीही जाणतील. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्या पोरांना या वाटेवर घातल्याशिवाय गुरांचा डॉक्टर कायमचा मिळायचा नाही.

मग पोरे का जात नाहीत?

हुशारी कमी आहे म्हणून नव्हे. या पदवीचा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. 'नीट' म्हटले की घरच्यांना फक्त माणसांचा डॉक्टर दिसतो. एमबीबीएसला नंबर लागला नाही की मुलगा निराश होऊन साध्या पदवीला जातो. त्याच गुणांवर पशुवैद्यकीला अर्ज करता येतो, हे पुष्कळांना माहीतच नसते.

आणि ज्यांना माहीत असते त्यांना खर्चाची धास्ती असते. शासकीय महाविद्यालयाची फी बहुतेकांना शिष्यवृत्तीने हलकी होते. गाडे अडते ते दुसरीकडे : नागपूर-परभणीला राहणे, खानावळ, पुस्तके, एप्रन आणि उपकरणे, येणेजाणे. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा जमा होतात, खानावळवाला मात्र महिन्याच्या महिन्याला मागतो. एक हंगाम पाण्याने दगा दिला की बाप म्हणतो, "बेटा, यंदा घरी ये." डॉक्टर तिथेच हुकतो.

सरकारी मदत : काय मागावे?

अनुसूचित जमाती व अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. आदिवासी विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून भोजन व निवासाची रक्कम थेट बँक खात्यात मिळते. इतर आर्थिक दुर्बलांना ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक पदवीला शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मुलीला शिकवायला फी आडवी येते, असे आता म्हणता येणार नाही.

हे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरायचे असतात. मुदत चुकली तर वर्ष गेले.

कर्ज : आधी समजून घ्या, मग सही करा

शैक्षणिक कर्ज म्हटले की सातबारा गहाण पडेल अशी भीती असते. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि पतहमी निधीतून साडेसात लाखांपर्यंतचे कर्जही तारणाशिवाय देता येते. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षण चालू असताना आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो. फेड १५ वर्षांपर्यंत लांबवता येते.

पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे समजू नका. समजा पहिल्या वर्षी ७० हजार उचलले आणि दर १० टक्के सरळ व्याजाचा आहे. साडेपाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सवलत मिळून साडेसहा वर्षांत त्या ७० हजारांवरच ४५,५०० रुपये व्याज चढते. म्हणून व्याज सवलतीची चौकशी आधी करावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. मात्र ती ठरावीक संस्थांनाच लागू असते. आपले महाविद्यालय यादीत आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच पाहून घ्यावे.

सेवा करा, कर्ज फेडले समजा

ही अडचण फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही खेड्यांत गुरांचे डॉक्टर मिळेनात. शिकून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर एवढे कर्ज, की तो शहर सोडायला तयार नाही. तिथे २००३ साली कायदा झाला आणि २०१० पासून तो अमलात आला. आधी प्रत्येक राज्याने आपल्या कोणत्या भागात पशुवैद्यक नाही हे कळवायचे. त्या भागात तीन वर्षे काम करण्याचा करार करणाऱ्याचे कर्ज सरकार भागवते. सुरुवातीला ही रक्कम वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत होती.

यातून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, पैसा वाटण्याआधी तुटवड्याची गावे नक्की केली. दुसरी, मुलाला दंडाची धमकी दिली नाही. सेवा दे, कर्ज उतरते, असा सौदा ठेवला. नुसती शिष्यवृत्ती दिली तर शिकलेला कुठेही जाऊ शकतो. नुसता बाँड लिहून घेतला तर पैसेवाल्याचा मुलगा दंड भरून मोकळा होतो आणि गरिबाचा अडकतो. सेवेने फिटणारे कर्ज या दोहोंच्या मधले आहे.

आपल्याला जमेल का? हिशेब पाहा

सहकाराने या राज्यात साखरेबरोबर शाळा-कॉलेजेही उभी केली. लोणखेडा-शहादा परिसरातच अभियांत्रिकी आणि औषधनिर्माण शिकायची सोय झाली, ती लोकांनी मिळून केली म्हणूनच. पशुवैद्यक महाविद्यालय काढणे आपल्या आवाक्यातले नाही, पण पशुवैद्यक घडवणे आहे.

आमची सूचना अशी. समजा हंगामात ४ लाख टन गाळप झाले आणि सभासदांनी स्वेच्छेने, लेखी संमती देऊन, टनाला १ रुपया या निधीला दिला. सर्वांनी दिला तर वर्षाला ४ लाख रुपये जमतात. ६० टन ऊस घालणाऱ्याचे गेले ६० रुपये. तेवढ्यात गुरांच्या डॉक्टरची एक फेरीसुद्धा होत नाही.

दरवर्षी एका नव्या विद्यार्थ्याला घ्यायचे. सरकारी शिष्यवृत्ती मिळून जी तूट उरते तिच्यासाठी वर्षाला ७० हजार, तेही महिन्याच्या महिन्याला, बिनव्याजी कर्ज म्हणून. साडेपाच वर्षांचे ३ लाख ८५ हजार होतात. काही वर्षांनी एका वेळी पाच-सहा विद्यार्थी शिकत असतील, तेव्हाही वर्षाचा खर्च सरासरी ३ लाख ८५ हजारच. म्हणजे निधी पुरतो.

पदवी घेऊन तो आपल्या कार्यक्षेत्रात राहिला तर सेवेच्या दर पुऱ्या वर्षाला ७७ हजार माफ. पाच वर्षांत सगळे फिटले. मध्येच सोडून गेला तर उरलेली रक्कम हप्त्याने परत करायची, आणि त्या पैशात पुढचा विद्यार्थी शिकेल. राहिला तर डॉक्टर मिळाला, गेला तर पैसा परत आला.

नेहमीच्या शंका

"नोकरी सरकारी लागली तर?" जिल्ह्यातल्या दवाखान्यात नेमणूक असेल तर ती सेवा धरावी. दूध संस्थेची नोकरी किंवा गावात उघडलेला स्वतःचा दवाखानाही धरावा. नोंदणीकृत पशुवैद्यकाला खासगी व्यवसायाची मुभा आहे. दहा-पंधरा गावच्या दूध संस्थांनी मिळून महिन्याचे मानधन ठरवले तर सुरुवातीची दोन वर्षे त्याला बळ येते.

"मुलगी लग्न होऊन जाईल, तिचे काय?" सेवेची अट एका गावाची न ठेवता जिल्ह्याची ठेवावी. सासर जिल्ह्यात असेल तर काही बिघडत नाही. बाहेर गेली तर परतफेडीचा नियम तिलाही लागू आणि मुलालाही.

"वशिला लागेल." हा धोका खरा आहे. म्हणून निवड गुण आणि घरची गरज या दोनच कसोट्यांवर व्हावी, यादी गट कार्यालयांत लावावी आणि निधीचा जमाखर्च दरवर्षी वार्षिक अहवालात छापावा. पन्नास टनांचा सभासद आणि पाचशे टनांचा सभासद यांच्या मुलांत फरक होऊ नये. ऊसतोड मजुराचे मूलही अर्जाला पात्र असावे, कारण त्याचे बैल आपलाच ऊस वाहतात.

तोवर काय?

आज ठरवले तरी पहिला डॉक्टर यायला सहा वर्षे लागतील, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तोवर १९६२ हा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो आहे. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्या. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, आणि घटसर्प-फऱ्याची पावसाळ्याआधी टोचून घ्या. तोडणी टोळ्यांच्या बैलांचे लसीकरण तळ पडताच व्हावे, यासाठी मुकादमांनी चिटबॉयकडे बैलांची संख्या कळवावी.

पालकांसाठी

मूल अकरावीला जात असेल तर जीवशास्त्र सोडू देऊ नका. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे बारावीच्या परीक्षेआधीच काढायला द्या. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, आणि त्या एका कागदापायी हातातला प्रवेश निसटू शकतो. बँक खात्याला आधार जोडलेले असू द्या. 'नीट'चा निकाल लागला की एमबीबीएसबरोबरच पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रवेशाची जाहिरातही पाहा.

वर मांडलेली निधीची कल्पना ही आमची सूचना आहे, ठराव नव्हे. तो अधिकार सर्वसाधारण सभेचा. सभेपूर्वी सभासदांनी आपले मत, विरोधी असले तरी, गट कार्यालयात लेखी द्यावे. तुमच्या गावापासून पदवीधर पशुवैद्यक किती अंतरावर आहे आणि मागल्या वर्षी वेळेवर इलाज न मिळून किती जनावरे दगावली, हेही त्यात लिहावे. अशा कागदांवरूनच आपल्या तुटवड्याच्या गावांची यादी होईल. ती यादी पक्की झाली की पुढचे काम सोपे आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग